बेटावर जाताना आधी शेवटच्या बोटीची वेळ विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या महिन्यात दहा दिवसांसाठी उष्ण कटिबंधातल्या एका लहान बेटावर जायचंय. सोबत सत्तर वर्षांचे वडील, त्यांना मधुमेह, रात्री इन्सुलिन घेतात, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आईला रक्तदाब. मुलगी सहा वर्षांची. औषधांची यादी हवीय, लसी कोणत्या घ्यायच्या ते विचारलंय आणि शेवटी एक ओळ आहे: "तिथे काही झालंच तर चांगला डॉक्टर मिळेल ना?"

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. मी फिजिशियन आहे. प्रवासाला निघालेल्यांना आणि प्रवासाहून आजारी होऊन परतलेल्यांना तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्याआधी तीन वर्षं मी अशाच एका बेटावरच्या छोट्या आरोग्य केंद्रात काम केलंय, त्यामुळे तुमच्यासारखी कुटुंबं जाताना कशी असतात आणि तिथे अडचणीत आल्यावर कशी असतात, हे दोन्ही पाहिलंय.

डॉक्टर बहुतेक वेळा मिळतो. पण त्याच्या हाताशी काय आहे, हे आधी कळायला हवं. आमच्या केंद्रात ईसीजीचं यंत्र, दोन ऑक्सिजन सिलिंडर, सलाईन, टाके घालायचं सामान आणि नेहमीची इंजेक्शनं होती. एक्स-रे यंत्र होतं, पण ते चालवणारे तंत्रज्ञ आठवड्यातून दोनदाच यायचे. रक्तपेढी नाही, सीटी स्कॅन नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही. ते सगळं मोठ्या बेटावर, बोटीने अडीच तास. शेवटची बोट दुपारी साडेतीनला सुटायची आणि समुद्र खवळला की तीही रद्द.

शहरात संध्याकाळी पोटात दुखायला लागलं तर "रात्रभर बघू, नाहीतर सकाळी जाऊ" हे चालून जातं, कारण रात्री दोन वाजताही रिक्षा करून कुठेतरी पोचता येतं. बेटावर तो पर्याय साडेतीनला संपतो. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो की तिथे रोज दुपारी जेवणाच्या सुमारास एकदा स्वतःला विचारा: आज कुणाला बरं नाहीये का, आणि ते रात्रीतून वाढलं तर आपण कुठे असू? माझ्या मते तुमच्या औषधांच्या पिशवीपेक्षा या सवयीचा उपयोग जास्त होईल.

एक रुग्ण अजून डोळ्यांसमोर आहे. चाळिशीचे गृहस्थ, तापाचा पाचवा दिवस. त्या सकाळी ताप उतरला होता, त्यामुळे घरचे खुशीत होते आणि दुपारी प्रवाळ बघायला जायचा बेत ठरला होता. आमच्याकडे ते फक्त उलटीची गोळी घ्यायला आले होते. खुर्चीत बसल्या बसल्या सारखे डोळे मिटत होते. हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. नख दाबून सोडलं, तर परत गुलाबी व्हायला चार सेकंद लागले. एरवी दोनच्या आत होतं. उजव्या बरगडीखाली बोटं ठेवताच चेहरा आक्रसला. रक्तदाब ९६/८०. वरचा आकडा फार कमी नव्हता, पण वरचा आणि खालचा एकमेकांच्या इतके जवळ आले होते, तेच घाबरवणारं होतं. डेंग्यूमध्ये रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलं की असं होतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते. सलाईन लावलं, मोठ्या रुग्णालयाला फोन केला, परिचारिका सोबत दिली आणि साडेतीनची बोट गाठली. चौथ्या दिवशी ते चालत घरी गेले. तेच चार वाजता आले असते तर ती रात्र आम्हा सगळ्यांना फार जड गेली असती.

हा प्रसंग एवढ्या तपशिलात सांगितला, कारण डेंग्यूबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात आहे: धोका ताप चढलेला असताना कमी आणि ताप उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला आणि माणूस ताजातवाना झाला, खायला मागू लागला, तर ठीक. ताप गेला पण पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, माणूस मलूल किंवा बेचैन आहे, तर प्लेटलेट्सच्या आकड्याची वाट न बघता निघायचं.

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-तीन तासांत जोरात. लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि दिवसा अर्ध्या चड्डीत सावलीत बसतात. डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन (दोन्ही डास पळवणारी रसायनं) असलेलं मलम दिवसा लावा, मुलीलाही, फक्त तिच्या तळव्यांना नको, कारण हात तोंडात जातात. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचं मलम, हा क्रम. पोहून आल्यावर दोन्ही पुन्हा.

तापाला पॅरासिटामॉल एवढंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या डेंग्यूची शंका मिटेपर्यंत नकोत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. इथे तुमच्या वडिलांची वेगळी अडचण येते. अँजिओप्लास्टी झालेल्यांना बहुधा ॲस्पिरिन कायमचं असतं. ताप आला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना "यांना स्टेंट आहे, ॲस्पिरिन चालू आहे" हे सांगा. निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा की असा ताप आला तर काय करायचं, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

आता मलेरिया आणि लसी. इथे मी तुम्हाला सरळ उत्तर देऊ शकत नाही, कारण बेटाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर ठरतं. मालदीवला २०१५ साली आणि श्रीलंकेला २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त म्हणून प्रमाणित केलं. फिजीत मलेरिया नाही. उलट सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी इथे तो भरपूर आहे. एकाच देशातही फरक पडतो: इंडोनेशियात बालीच्या पर्यटनाच्या भागात मलेरियाची गोळी लागत नाही, पापुआ प्रांतांत लागते. गोळी लागणारच असेल तर ती निघण्याआधी सुरू होते आणि परतल्यावरही चालू राहते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आदल्या एक-दोन दिवसांपासून ते परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. लोक घरी आले की गोळ्या सोडतात आणि तिथेच फसतात. डॉक्सिसायक्लिनने उन्हात कातडी भाजते आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते यासाठी देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलीचा विचार वेगळा करावा लागेल.

लसींत धनुर्वाताची शेवटची मात्रा कधी घेतली ते आधी बघा. दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका. प्रवाळाने पाय कापणं ही बेटावरची रोजची गोष्ट आहे. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड या दोन्ही बहुतेकांना सुचवतो. पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो की नाही, हे तुम्ही कुठून आणि कुठे विमान बदलून जाताय यावर ठरतं. तो दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस जपून द्यावी लागते, तेव्हा आईवडिलांची गरज असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. रेबीजचंही बेटागणिक बदलतं. बालीत २००८ पर्यंत रेबीज नव्हता, मग आला आणि राहिला. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. लहान बेटांवर लस असते पण जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, अनेकदा नसतं. त्यासाठीही बोट धरावी लागते.

तुमच्या वडिलांकडे मात्र मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण या प्रवासात आजारी पडायची शक्यता कुणाची जास्त असं विचारलंत तर मी त्यांचंच नाव घेईन, आणि त्यांच्या बाबतीत तयारीचा उपयोगही सगळ्यात जास्त आहे.

पहिली गोष्ट, त्यांच्या अलीकडच्या ईसीजीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा, आणि एक कागदी प्रतही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या ईसीजीत काही जुने बदल असू शकतात. छातीत दुखतंय म्हणून रात्री कुणी माझ्याकडे यायचं, ईसीजी वेडावाकडा दिसायचा आणि तो कालचा की चार वर्षांपूर्वीचा हे सांगायला हातात काहीच नसायचं. जुना कागद शेजारी ठेवला की निर्णय पाच मिनिटांत होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, बोट मागवायची की नाही, हे सगळं त्या तुलनेवर. त्याच्यासोबत डिस्चार्ज कार्ड, स्टेंटची माहिती आणि औषधांची यादी, कंपनीच्या नावांऐवजी मूळ औषधांच्या नावांनी. कंपन्यांची नावं दुसऱ्या देशात कुणाला कळत नाहीत.

दुसरी गोष्ट, इन्सुलिन. विमानाच्या पोटात जाणाऱ्या चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. वापरातलं पेन साधारण ३० अंशांच्या खाली चार आठवडे टिकतं, पण बेटावरची बंद खोली दुपारी याहून तापते. पाण्यात भिजवून वापरायच्या गार पिशव्या मिळतात, त्या चांगल्या. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायचं तर बर्फाच्या कप्प्यापासून लांब, दारात. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला जवळपास तसंच दिसतं आणि काम करत नाही. साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, दमट हवेने आकडे चुकतात. उष्णतेत इन्सुलिन लवकर शोषलं जातं, त्यात चालणं-पोहणं वाढतं, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत साखर अचानक उतरायची शक्यता असते. खिशात ग्लुकोज ठेवा आणि झोपण्याआधी साखर बघाच.

तिसरी गोष्ट मला फार कमी लोक विचारतात, आणि केंद्रात सगळ्यात जास्त वेळा तीच दिसायची. जुलाब-उलट्या सुरू झाल्यावरही नेहमीच्या सगळ्या गोळ्या नेमाने चालू ठेवणं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं, मधुमेहाची मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना यांनी मूत्रपिंडावर ताण येतो किंवा रक्तातलं आम्ल वाढू शकतं. यातल्या काही एक-दोन दिवस थांबवायच्या असतात आणि खाणंपिणं नीट सुरू झालं की पुन्हा सुरू करायच्या. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नसतं, मात्रा बदलते. कोणती थांबवायची आणि कोणती नाही, हे वडिलांच्या आणि आईच्याही डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. हा अर्ध्या पानाचा कागद मी माझ्या प्रत्येक अशा रुग्णाच्या हातात देतो.

चौथी गोष्ट, पाय. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. दुपारची वाळू त्यांना कोमट वाटेल आणि तळवे भाजलेले असतील. पाण्यात आणि वाळूत दोन्हीकडे बूट, आणि रोज रात्री तुम्ही स्वतः टॉर्च लावून त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या बघा. प्रवाळाने कापलेली जखम दिसायला क्षुल्लक असते, पण तिच्यात बारीक कण अडकतात. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवून, मऊ ब्रशने कण काढून, रोज पट्टी बदला. कडा लाल होऊन लाली पसरायला लागली तर मधुमेही माणसाने एक रात्रही थांबू नये.

जुलाबांसाठी ओआरएसची पाकिटं न्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एका लिटरला एक. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. यातली साखर बघून वडिलांचं ओआरएस बंद करू नका; जुलाबात मधुमेही माणसालाही ते लागतं, फक्त साखर तपासत राहा. मुलीला उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. जुलाब थांबवणारी गोळी मुलीला देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.

मोठे प्रवाळातले मासे, बाराकुडा, मोरे ईल, मोठा ग्रूपर, यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यावर जुलाब, तोंडाभोवती मुंग्या आणि गार वस्तू चटका लागल्यासारखी वाटणं, अशी तक्रार आली की आम्ही आधी मासा कोणता होता ते विचारायचो. एवढे मोठे मासे टाळा, लहान खा.

समुद्राबद्दल. गंभीर होऊन येणाऱ्यांत आजारांइतकेच पाण्यातले आणि दुचाकीवरचे अपघात असायचे. पाणी तुम्हाला आत ओढायला लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. वडिलांना नळी लावून तरंगायचं असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि परवानगी मिळाली तरी जिथे पाय टेकतात तिथेच, शेजारी एक माणूस सतत. पाण्यात तोंड घालून तरंगणारा माणूस बुडतोय की मासे बघतोय, हे किनाऱ्यावरून कळत नाही. दगडमासा, सिंहमासा किंवा पाकट यांचा काटा लागला तर ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना खूप उतरतात. पाणी किती गरम आहे ते धडधाकट हाताने तपासा, दुखरा पाय भाजला तरी त्याला कळणार नाही. जेलीफिशच्या बाबतीत तिथल्या जीवरक्षकांना आधी विचारा: बॉक्स जेलीफिश असेल तर व्हिनेगर ओततात, ब्लूबॉटल (पाण्यावर तरंगणारा निळा फुगा असलेला प्रकार) असेल तर व्हिनेगर नको, गरम पाणी. आणि तुमच्यापैकी कुणी स्कूबा करणार असेल, तर शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास विमानात बसू नका.

दुचाकी भाड्याने घेणार असाल तर हेल्मेट आणि त्या देशात चालणारा परवाना, दोन्ही हवेत. परवाना नसेल तर विमा कंपनी खर्च नाकारू शकते, आणि ते मी माझ्या समोर झालेलं पाहिलंय.

विमा घेताना तीन गोष्टी पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचा. वडिलांचा मधुमेह आणि हृदयविकार जाहीर केलाय का आणि त्यातून उद्भवलेला आजार धरलाय का. रुग्णाला बोटीने किंवा हवाई मार्गाने मोठ्या रुग्णालयात हलवायचा खर्च किती रकमेपर्यंत आहे. आणि पाण्यातले खेळ वगळलेत का. कंपनीचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. दाखल करण्याआधी किंवा निदान दाखल करता करता तिथे फोन जायला हवा, कारण बऱ्याच वेळा बोटीची किंवा हेलिकॉप्टरची व्यवस्था तेच करतात आणि न विचारता केलेला खर्च नंतर अडतो.

आणि हॉटेलला निघण्याआधी एक निरोप पाठवा: जवळचं आरोग्य केंद्र कुठे, तिथे रात्री कोण असतं, मोठं रुग्णालय कोणत्या बेटावर, शेवटची बोट किती वाजता, रात्री रुग्ण न्यायचा झाला तर तुम्ही काय करता? चांगलं हॉटेल या पाचव्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतं. "तशी वेळ येत नाही" असं उत्तर आलं, तर तुमच्या वडिलांची प्रकृती बघता मी मोठ्या बेटावरचं हॉटेल घेईन आणि त्या लहान बेटावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येईन.

परतल्यावर तिघांपैकी कुणालाही ताप आला, किंवा तुम्हालाच आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात कुठे आणि कधी जाऊन आलात ते सांगा. डेंग्यू डास चावल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिसतो. मलेरियाला मात्र किमान आठवडा लागतो आणि काही प्रकार कित्येक महिन्यांनी उलटतात, तेव्हा वर्षभर हे सांगत राहा.

बेटाचं नाव, वडिलांच्या सगळ्या गोळ्या आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) शेवटचा आकडा लिहून कळवा. मलेरियाच्या गोळीचं आणि त्या अर्ध्या पानाच्या कागदाचं मग नेमकं सांगता येईल.